शैलाला कुणी विचारलं नव्हतं

शैला गेल्याची बातमी मला फोटोसकट आली. आमच्या जुन्या खेळाडूंचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर सकाळी सकाळी तो येऊन पडला होता. भोवती झेंडूची चौकट, खाली जोडलेले हात आणि मधे ती... उजव्या गुडघ्याला जाड पांढरी पट्टी, डोक्यावर उचललेला करंडक, तोंडभर हसू. खाली ओळ, 'एका पायावर विजेतेपद खेचून आणणारी रणरागिणी'. तिच्या भाचीचा, ऋतुजाचा फोन त्यानंतर आला. शैला बरेच महिने आजारी होती, हे आज ना उद्या व्हायचंच होतं. तरी तो फोटो पाहून मला आधी रडू आलं नाही, संताप आला. कारण तो फोटो तिला नकोसा झाला होता, आणि तो टाकणारे आमचे सर होते, ज्यांना ते पुरतं ठाऊक होतं. सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आम्ही दोघी पुण्याच्या कसबा पेठेतल्या, एकाच शाळेतल्या. तिच्या वडिलांचं पूजासाहित्याचं छोटं दुकान होतं आणि घर त्याच्याच वर, त्यामुळे तिच्या दप्तराला, पुढे तिच्या किटबॅगलाही, कायम धूप-कापराचा वास. आठवीतच ती वर्गाच्या बाईंपेक्षा उंच झाली. आमच्या पेठेत उंच मुलीला लोक नुसतं उंच म्हणून सोडत नाहीत. "काय शैला, वर हवा कशी आहे?" असं समोरचे एक काका रोज न चुकता विचारायचे, आणि ती बिचारी पोक काढून चालायची. ते पोक घालवलं सरांनी. ते आमच्या क्लबचे प्रशिक्षक. शाळेच्या स्पर्धेत तिला पाहून त्यांनी तिच्या हातात बास्केटबॉल दिला आणि म्हणाले, "ताठ उभी राहा. देवानं दिलंय ते लपवतेस कशाला?" इतकं साधं वाक्य, पण तिला ते तोवर कुणी म्हटलंच नव्हतं. तिचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच दादा म्हणायचो, ते मात्र तयार होईनात. मुलीनं चारचौघांत अर्ध्या चड्डीत धावायचं म्हणजे काय! सर दुकानाच्या पायरीवर बसून त्यांना म्हणाले, "अहो दादा, मलाही मुलगी आहे. शैलाची जबाबदारी माझी. तिला काही होऊ देणार नाही मी." दादांनी मान हलवली, आणि शैलाला खेळ मिळाला.

आणि काय खेळली ती! तिच्या मापाचे बूट मुलींत मिळत नसत, ती मुलग्यांचे घालायची. मी गार्ड, ती सेंटर. मी चेंडू पुढे न्यायचा, बास्केटखाली तिचा हात वर दिसला की तिकडे फेकायचा, पुढचं ती बघायची. प्रतिस्पर्धी संघ तिच्याभोवती दोन-दोन मुली उभ्या करायचे, आणि ती त्यांच्यातून अशी निघायची, जशी मंडईच्या गर्दीतून सवयीची बाई निघते... धक्का न लागू देता. आम्ही राज्यात जिंकू लागलो, मग राज्याबाहेर. समोरचे काका पेपरातलं तिचं छायाचित्र कापून दुकानात चिकटवू लागले. अखेर भारतीय संघाच्या शिबिरासाठी तिची निवड झाली. त्या शिबिराच्या अगोदर आमच्या क्लबची शेवटची मोठी स्पर्धा होती, तीही पुण्यातच.

उपांत्य सामन्यात ती उडी मारून रिबाउंड, म्हणजे बोर्डवरून परतलेला चेंडू, घेऊन खाली आली आणि तिचा गुडघा आतल्या बाजूला मुडपला. तो आवाज मी ऐकला. सरांनी तिला डॉक्टरांकडे नेलं, मी सोबत होते. डॉक्टरांनी तपासलं, काही बोलले नाहीत, आणि सरांना घेऊन बाहेर गेले. आत मी तिचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. सर परत आले ते हसतच. "मुका मार आहे. बर्फ लाव, पट्टी घट्ट बांध. उद्या अंतिम सामना आहे शैला, रडत काय बसलीस?" ती रडत नव्हती. तिनं फक्त "बरं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती खेळली, आणि आम्ही जिंकलो. त्यानंतर ती परत कधीच सामना खेळली नाही. शिबिर गेलं, भारताचा संघ गेला. खेळाडू म्हणून मिळालेली सरकारी कचेरीतली नोकरी तेवढी राहिली.

पुढची सगळी वर्षं ती स्वतःलाच दोष देत होती. "मी बर्फ नीट लावला नाही गं", "मी लवकर चालायला लागले, तिथेच चुकलं." हळदीकुंकवाला सगळ्या बायका खाली सतरंजीवर आणि ही एकटी खुर्चीत. सर मात्र दर समारंभात ती गोष्ट सांगायचे, एका पायावर जिंकलेल्या सामन्याची. तिला पुढच्या रांगेत बसवायचे, उभं राहायला सांगायचे, टाळ्या व्हायच्या. त्याच गोष्टीवर त्यांना सत्कारही मिळाले. तिला त्याचा अभिमान होता. खरंच होता.

कसब्यातला जिना चढवेना तेव्हा ऋतुजा तिला आपल्या खराडीच्या फ्लॅटवर घेऊन गेली. "मावशी, लिफ्ट आहे, रॅम्प आहे, आता नो एक्स्क्यूजेस!" तिथे गेल्यावर गुडघा बदलण्याचं ठरलं, म्हणून आम्ही दोघी त्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना आता त्यांच्या सुनेचा. ते स्वतः कोपऱ्यात नुसते बसले होते. शैलाला पाहून त्यांनी चष्मा सारखा केला. "तू ती बास्केटबॉलवाली ना? ऐकलं नाहीस माझं. तुमच्या सरांना मी स्पष्ट सांगितलं होतं, लिगामेंट तुटलंय, हिला अजिबात खेळवू नका."

शैला म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाही, डॉक्टर."

म्हाताऱ्या माणसानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्याच आठवड्यात आम्ही सरांच्या घरी गेलो. मी फार काही बोलायचं ठरवून गेले होते, तिनं मला बोलू दिलं नाही. तिनंच विचारलं. सर आधी आठवत नाही म्हणाले, मग शांतपणे म्हणाले, "सांगितलं असतं तर तू खेळली नसतीस का?"

"खेळले असते, सर. पण ते मी ठरवलं असतं."

"मग फरक काय पडला?"

समोर चहा होता, तो तसाच ठेवून ती उठली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "दादांना तुम्ही शब्द दिला होता." रिक्षात बसल्यावर मी तिला म्हटलं, आता चारचौघांत सांग, पेपरात दे. ती बाहेर बघत होती. "नको मंजू. लोकांना ती गोष्ट फार आवडते. आणि आपण तो सामना जिंकलो होतो गं, ते तर खोटं नाही ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वाईट कशाचं वाटतं सांगू? इतकी वर्षं मी त्यांना दिवाळीला फराळ नेऊन दिला."

पुन्हा ती सरांच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेली नाही. त्यांचं नावही तिनं परत घेतलं नाही.

शोकसभेला सर व्यासपीठावर होते. आवाज अजून खणखणीत. म्हणाले, "मी तिच्या पाया पडायचा बाकी होतो. म्हटलं, शैला, नको खेळूस, डॉक्टर नाही म्हणतायत. पण ऐकेल ती शैला कसली!" सभागृहात लोकांनी डोळे पुसले. मी उभी राहिले. "सर, हे खरं नाही. तिला तुम्ही काही सांगितलंच नव्हतं." पुढचं मी बोलणार, तेवढ्यात सूत्रसंचालक माइकवर आले, "मंजूताई, आज नको, प्रसंग काय आहे... आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया." सगळे उभे राहिले. श्रद्धांजली म्हणून एखाद्याचं तोंड इतक्या सभ्यपणे बंद करता येतं, हे मी पुण्यात राहूनही प्रथमच पाहिलं. बाहेर चपला घालताना सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तिनं मला केव्हाच माफ केलं होतं." मी विचारलं, "कधी? मला नाही बोलली ती." ते गाडीकडे चालू लागले. म्हणून हे लिहितेय. उभं राहून सांगू दिलं नाही, तर बसून सांगते.

गेल्या रविवारी ऋतुजानं मला खराडीला बोलावलं. गुडघा बदलल्यावर, आजारी पडेपर्यंत, शैला तिथल्या सोसायटीच्या बास्केटबॉल कोर्टवर मुलींना शिकवायची. फ्लॅटवाल्यांच्या मुली, तशाच वॉचमन आणि कामवाल्यांच्याही. आता ते ऋतुजा बघते. शेजारच्या सोसायटीशी सामना होता, आमच्या मुली थोड्याच गुणांनी मागे होत्या. संघातली सगळ्यांत उंच मुलगी आचल, यवतमाळकडच्या वॉचमनची. ती खेळता खेळता थांबली आणि सरळ बाकाकडे आली. "ताई, घुटना दुखून राहिला माझा." ऋतुजानं बसायला जागा दिली, बर्फ काढला आणि दुसरी मुलगी आत पाठवली. कुणाचे तरी बाबा कडेनं ओरडले, "अरे, लास्ट फाइव्ह मिनिट्स आहेत! शी कॅन मॅनेज!" ऋतुजानं मान वळवली. "काका, दुखतंय म्हणाली ती. आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारत नाहीत. मावशीचा नियम आहे."

आमच्या मुली हरल्या. आचलला कुणी बोललं नाही. त्या तिच्याभोवती बसून चिप्स खाऊ लागल्या, एकीनं बर्फाची पिशवी धरून ठेवली. त्यांच्याशी बोलताना मला कळलं की, शैला मॅडम कधीकाळी विजेत्या होत्या एवढंच त्यांना माहीत आहे. त्या अंतिम सामन्याचं, त्या पट्टीचं शैलानं एकीलाही सांगितलं नव्हतं.

निघताना मी आचलला विचारलं, "पुढच्या रविवारी खेळशील ना गं?"

तिनं गुडघा जरा वाकवून पाहिला.

"पाहतो जी," ती म्हणाली. "दुखलं नाही तर."