रेडिओवरचं अर्धं गाणं

रेडिओवर मी आयुष्यात एकदाच गायलो, आणि तेही अर्धंच.

तेव्हा आम्ही नागपुरात, नंदनवन भागात राहायचो. घरात हातमाग होता. मी दिवसभर लुगडी विणायचो आणि विणता विणता गळा फाडून गायचो. (हळू गायलं तर मागाच्या खटखटीत माझं मलाच ऐकू येत नसे!) कुणीतरी भरीला घातलं, मी रेडिओ केंद्रात जाऊन दोन ओळी म्हणून आलो, आणि महिन्याभरात चक्क पत्र आलं. लोकगीतांच्या कार्यक्रमात गायचं होतं. थेट!

झालं! गाण्याच्या आधीच मी प्रसिद्ध झालो. न्हावी अर्धी दाढी तशीच ठेवून गिऱ्हाइकांना म्हणायचा, "पाहून घ्या, हाच तो रेडिओवाला!" बाबा सायकलनं पार कन्हानला जाऊन आत्याला सांगून आले. वाटेत जे ओळखीचे नव्हते, त्यांनाही सांगितलं.

पण माझा जीव अडकला होता उमरेडला. तिथले दामोदरजी सुताचे व्यापारी. आमच्या मागाला सूत त्यांच्याकडूनच यायचं. त्यांची मुलगी सुमन दुकानात सूत तोलून द्यायची. मला ती मनापासून आवडली होती, लपवायचं कशाला! बाबांनी दोनदा विचारून पाहिलं. दामोदरजींनी दोन्ही वेळा एकच उत्तर दिलं, "मागावरच्या पोट्ट्याले पोरगी देऊन का करू?"

रेडिओचं कळल्यावर मात्र ते जरा विरघळले. बाबांना म्हणाले, "ऐकतो गा आम्ही सारे. चांगला गायला, तं पक्कं करून टाकू."

म्हणजे माझं लग्न आता एका गाण्यावर होतं.

त्या दिवशी केंद्रात गादीवर मांडी घालून बसलो. एका बाजूला तबलजी, मागे तंबोरा. खोली इतकी शांत, की मागाच्या खटखटीशिवाय गायचं कसं तेच कळेना. लाल दिवा लागला आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना! तबलजी डोळे वटारून कुजबुजला, "काय करून राहिला गा? गा नं!"

शेवटी मी डोळे गच्च मिटले आणि मनात आणलं, आपण घरी मागावर बसलोय. जमलं की! आवाज मोकळा सुटला. गुडघे तालात वरखाली व्हायला लागले, उजवा हात हवेतच मागाच्या धोट्याची दोरी ओढायला लागला. (तबलजी दोनदा बाजूला सरकला म्हणे.) दुसरं कडवं असं रंगलं, की मला माझाच अभिमान वाटला.

आणि तंबोऱ्याची तार तुटली. टण्ण!

आता मागावर असं काही तुटलं, की आमचे हात थांबतात आणि तोंड सुटतं. सवयच ती! डोळे मिटलेलेच होते. मी ओरडलो, "माय वं! पाह्य, तुटला धागा! तो उमरेडचा दामोदर सूत देते का शेवया देते? आग लागो त्याच्या सुताले!"

एवढ्यावर थांबलो नाही. गाठ मारायला तुटलेली टोकं चाचपली, तर तबलजीचा सदरा हाती आला. गाठ पडायच्या आत लाल दिवा विझला.

घरी आलो तर बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "गाणं बरं होतं गा. मधातलं तेवढं नको होतं." माय मात्र खूश! "साऱ्या नागपुरात माह्या पोरानं मलेच हाक मारली," असं ती शेजारणींना सांगत होती. मला रडू येत होतं. सुमन गेलीच हातची!

तिसऱ्या दिवशी दामोदरजी दारात हजर. हातात छत्री, आणि आभाळात ढग नाही! मी मागाच्या मागे दडलो.

"कुठी आहे तो गवय्या?" ते गरजले. "उमरेडचे सारे विणकर माह्या दुकानापुढं येऊन टाळ्या वाजवून राहिले! अन् घरात पोरगी हट्टाले पेटली. म्हणते, लग्न करीन तं त्याच्याशीच!"

मी मागामागून बाहेर येऊन थेट त्यांच्या पायाच पडलो.

लग्नानंतर सुमनला विचारलं, "तू हो काहून म्हटलं वं?"

ती लाजून म्हणाली, "आमच्या घरी बाबांपुढं कोणाची शब्द काढायची हिंमत नाही. अन् तुम्ही साऱ्या मुलखासमोर त्याइले सुनावलं! म्हटलं, नवरा पाहिजे तं असाच शूर पाहिजे."

मनात म्हटलं, शूर तर शूर!

लग्नाच्या आठव्याच दिवशी स्वयंपाकघरात पाल निघाली आणि मी टुणकन मागावर चढून बसलो. सुमननं झाडूनं पाल हाकलली, माझ्याकडे वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला, "रेडिओवर माणूस दिसत नाही नं, तिथंच फसली मी!"