मैलाच्या दगडावरची डहाळी

खून, दरोडे, जंगलातली सागवानाची चोरी, नोकरीत सगळे पाहिले. निवृत्त झाल्यावर लोक त्याबद्दलच विचारतात आणि मीही तेच सांगतो, कारण ऐकणाऱ्याला तेच हवे असते. पण मला स्वतःला आजही आठवते ते एक किरकोळ प्रकरण. त्यात ना कोणाला बेडी पडली, ना कोणाला शिक्षा झाली. पळसाच्या एका डहाळीचे प्रकरण होते ते, आणि माझे वय झाले तरी ते काही माझा पिच्छा सोडत नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता. नागभीडहून आरमोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्यावर मी सब-इन्स्पेक्टर होतो. ठाण्याचे नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. एक जमादार, मोजके शिपाई, दोन सायकली आणि पावसाळ्यात गळणारी कोठडी, एवढा आमचा संसार. सकाळी हजेरी, मग रोजनामचा लिहिणे, मग गावोगावचे भांडणतंटे. बैल कोणाच्या धानात शिरला आणि कोणी कोणाला काय बोलले, यातच दिवस जायचा.

रस्ता नुकताच पक्का झाला होता आणि त्यावरून जंगलातला बांबू आणि सागवान घेऊन ट्रक रेल्वे स्टेशनकडे धावू लागले होते. ड्रायव्हरांना मजुरी खेपेवर मिळे. जितक्या खेपा, तितके पैसे. माणसाला असे बांधून टाकले की त्याला वेगळे सांगावे लागत नाही, तो पळतोच.

त्या रस्त्यावर एक गाव होते. रस्त्याच्या एका बाजूला घरे, दुसऱ्या बाजूला विहीर आणि मध्येच एक वळण. गाव आधीचे, रस्ता नंतरचा, पण रस्त्याला त्याचे काय? एका सकाळी डोक्यावर पाण्याची घागर घेऊन रस्ता ओलांडणारी एक तरुण सून ट्रकखाली आली. ट्रक थांबला नाही. आम्ही लाकडाच्या डेपोवर चौकशी केली, स्टेशनवर केली, गाड्यांची चाके आणि पुढचे पत्रे तपासले. तो ट्रक शेवटपर्यंत सापडला नाही.

मग वरून हुकूम आला की वेगावर लक्ष ठेवा. वस्तीतून ताशी पंधरा मैलांची मर्यादा होती, तशी पाटीही होती. वेग मोजायला आमच्याकडे कुठले यंत्र? गावाअलीकडचा एक फर्लांग, म्हणजे मैलाचा आठवा भाग, मोजून घ्यायचा. एका टोकाला शिपाई झाडाआड उभा राहून गाडी आली की रुमाल खाली करणार, दुसऱ्या टोकाला जमादार स्टॉपवॉच दाबणार. तीस सेकंदांच्या आत गाडी पोचली की गुन्हा. घड्याळ जिल्ह्याहून मागवले होते आणि जमादार ते बाळाला जपावे तसे जपायचा.

आम्ही उभे राहिलो. ट्रक आले ते बैलगाडीच्या चालीने. एका ड्रायव्हरने तर झाडाआडच्या शिपायाला हात वर करून रामराम केला. पुढच्या खेपेला दिवस बदलला, वेळ बदलली, झाड बदलले. तरी तेच. एकही गुन्हा नोंदवता आला नाही. जमादार म्हणाला, "साहेब, लोक सुधारले म्हणायचे." लोक इतक्या लवकर सुधारत नाहीत, एवढे तोवर मला कळून चुकले होते.

खबर मिळाली ती नागभीडच्या एका हॉटेलवाल्याकडून. आपण होऊन ठाण्यावर आला, घाम पुसत बसला.

"सायेब, तुमाले वेड्यात काढून राह्यले हे ड्रायव्हर. तुमी उभे राह्यले का गावाच्या अलीकडं मैलाच्या दगडावर पळसाची डहाळी ठेवते, वरतून गोटा. डहाळी दिसली का समदे हळू."

"तुला रे काय त्याचं?"

तो जरा चाचरला. "आता काय सांगू? गाड्या उशिरा येते, मंग ड्रायव्हर चहाले थांबत नाई. सीधे टेशनवर जाते. माह्या धंद्याची वाट लागली न."

खबर देणाऱ्याचा त्यात काय लाभ, हे मी नेहमी आधी विचारून घेत असे. लाभ कळला की खबर किती खरी ते कळते. याची खबर खरी होती.

"नेहमी असते का डहाळी?"

"दोन-तीन दिसाआड त असतेच. काल बी होती."

जमादाराने माझ्याकडे पाहिले. काल आम्ही तिकडे फिरकलोसुद्धा नव्हतो. पंधरवडाभर सगळे ठाणे एका यात्रेच्या बंदोबस्तात अडकले होते.

दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावरचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर बोलावून घेतला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, बोलायला मोकळा. डहाळीचे त्याने लगेच कबूल केले.

"आमीच सुरू केलं सायेब, खोटं कायले बोलू? ज्याले पयले पोलीस दिसला, त्याचा क्लीनर डहाळी ठेवे. तुमी गेले का काढून टाकू. आपसातली गोष्ट होती."

"आणि आम्ही नसतो तेव्हा कोण ठेवतं?"

तिथे त्याचे तोंड बंद झाले. "मले मालूम नाई."

मी त्याला बाकावर बसवून ठेवला. बाहेर त्याचा बांबूने भरलेला ट्रक उभा, क्लीनर त्याच्या सावलीत झोपलेला. मी दरडावले. सरकारी कामात अडथळा आणल्याचे कलम लावीन म्हणालो. परवाना जाईल म्हणालो. दुपार गेली, खेप गेली. तो खाली मान घालून एकच सांगत राहिला. खोटे बोलणारा माणूस बहुधा फार बोलतो, काहीतरी रचून सांगतो. हा रचत नव्हता, 'मालूम नाई'च्या पुढे सरकत नव्हता. मला वाटले, आपल्या माणसाला वाचवतो आहे. दिवस मावळायच्या सुमारास कंटाळून मीच त्याला सोडला.

मग मी स्वतः गेलो. धोतर, टोपी, पायात जुन्या वहाणा, आणि बाजाराला निघालेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची बैलगाडी. त्या दिवशी सापळा नव्हता, एकही शिपाई रस्त्यावर नव्हता. गाडी मोहाच्या झाडांखाली सोडली आणि बैल चारत बसलो.

सकाळ जरा वर आल्यावर गावाकडून एक म्हातारी आली. लुगडे गुडघ्यापर्यंत, हातात पळसाची ताजी डहाळी. मैलाच्या दगडावर ती नीट ठेवली, वर गोटा ठेवला आणि दगडाजवळच उन्हात बसली. थोड्या वेळाने विहिरीकडे बाया निघाल्या. मागून बांबूचा ट्रक आला. लांबून त्याचा आवाज मोठा होता, दगडाजवळ येताच आवाज खाली आला. ट्रक हळू हळू गावातून गेला. घागरी घेतलेल्या बाया ना थबकल्या, ना पळाल्या. आपल्या चालीने रस्ता ओलांडून गेल्या.

मी उठून तिच्याकडे गेलो. मी कोण ते सांगितले. ती उठली नाही.

"बाई, ही डहाळी कशाला ठेवली?"

"पोलीस हाये म्हणून."

"कुठे आहे पोलीस?"

"तुमी नाई का?" असे म्हणून ती हसली. मग हसू गेले. "सायेब, माही सून मेली इथी. त्या वळणावर. तुमी आले होते तवा, पंचनामा कराले."

मी तिला ओळखले नव्हते. पंचनाम्याच्या वेळी माणूस प्रेताकडे पाहतो, अंतर मोजतो, भोवतीच्या माणसांची तोंडे लक्षात राहत नाहीत.

"मंग तुमी झाडाआड उभे राह्याले लागले," ती सांगू लागली. "गाड्या हळू जाले लागल्या. आमाले बरं वाटलं. मंग पाह्यलं त ड्रायव्हरायचे पोट्टे डहाळी ठेवते. तुमी गेले का काढते, न पुन्हा तसंच सुसाट. तुमी येता एखाद्या दिशी, सायेब. पाणी त रोज आणा लागते."

"रोज ठेवतेस?"

"रोज ठेवली त ओळखतीन न. एक दिस ठेवतो, दोन दिस नाई. बाजाराच्या दिशी ठेवतोच. ज्या दिशी नाई, त्या दिशी बायाले सांगतो, जपून जा."

त्या भागात बायासुद्धा 'ठेवतो', 'सांगतो' असेच बोलतात. मी तिच्यासमोर उभा होतो आणि मला काय करावे ते सुचत नव्हते. कायद्याने पाहिले तर पोलिसांच्या नावाने खोटा इशारा देणारी ती बाई होती आणि हिलाच शोधायला मी बैल चारत बसलो होतो. तिला ठाण्यावर नेली असती तर दुसऱ्या दिवशी साऱ्या रस्त्यावर बोभाटा झाला असता की डहाळी खोटी आहे. मग त्या विहिरीवर जाणाऱ्या बायांना कोणी राखले असते? मी? माझ्याकडे दोन सायकली होत्या.

"सायेब, एक करा," ती म्हणाली. "डहाळी असली न कोणी आयकलं नाई, त त्याले धरा. महिन्यातून एखाद खेप या. नाईतं माही डहाळी खोटी पडते."

संध्याकाळी जमादाराने रोजनामचा पुढे ओढला आणि काय लिहू म्हणून विचारले. मी सांगितले, चौकशी केली, इसम मिळून आला नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि तसेच लिहिले. चांगला जमादार होता.

त्यानंतर मी तिचे म्हणणे पाळले. महिन्यातून एक-दोनदा आम्ही जात असू. डहाळी असूनही एखादा नवा ड्रायव्हर जोरात आला की त्याला धरून दंडाला पाठवायचो, आणि ती बातमी डेपोपासून स्टेशनपर्यंत पोचेल अशी व्यवस्था करायचो. माझी बदली होईपर्यंत त्या वळणावर कोणी मेले नाही. हॉटेलवाला मात्र शेवटपर्यंत माझ्यावर नाराज होता.

या प्रकरणाने मला काय शिकवले, ते मी पुढे नव्या भरतीच्या पोरांना बरेच दिवस मोठ्या तोऱ्याने सांगत असे. माणूस कायद्याला भीत नाही, पोलिसाला भितो. पोलीस नसला तरी तो आहे असे वाटले म्हणजे पुरे. पोरे मान डोलवत. मलाही ते पटलेले होते.

मग त्याच दशकाच्या शेवटी कधीतरी नागभीड स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. तिथे तो जुना ड्रायव्हर भेटला, ज्याला मी दिवसभर बाकावर बसवला होता. केस पिकले होते. त्याने ओळखले, जवळ येऊन बसला, विडी पेटवली आणि माझी परवानगी विचारायचे राहिले म्हणून विझवली. मी म्हटले, ओढ रे. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग मीच हसत सांगितले की ती डहाळी कोण ठेवायचे ते मी शोधून काढले होते.

"म्हातारी न," तो म्हणाला.

मी चमकलो. "तुला ठाऊक होतं?"

"आमा समद्यायले मालूम होतं सायेब. दगडाजवळ बसून तं राहे. आमी का आंधळे हाओ?"

"मग मी इतकं दरडावलं तेव्हा सांगितलं का नाहीस? खेप गेली तुझी."

"तुमी तिले धरून नेलं असतं त?"

मी विचारले, "पण पोलीस नाही हे माहीत असून गाडी हळू काऊन नेत होते तुम्ही?" त्याची बोली नकळत माझ्या तोंडी आली.

त्याने विडीची राख झटकली. "तिची सून मेली तिथी. कोण्या तरी गाडीखाली, आमच्यातल्याच. कोणाच्या, ते आमाले बी मालूम नाई. म्हातारी उन्हात बसून राह्यते, डहाळी ठेवून. तिच्या समोरून जोरात कशी नेणार गाडी? लाज वाटे सायेब."

इतकी वर्षे जे पोरांना शिकवत आलो होतो, ते असे त्या बाकावर बसल्या बसल्या खोटे ठरले. खरे म्हणजे मला बरे वाटले. आयुष्यभर माणसांची वाईट बाजू पाहिलेल्या माणसाला असे काही ऐकायला मिळत नाही. भारावून जाऊन मी विचारले, "कशी आहे म्हातारी?"

"गेली न. मागच्या हिवाळ्यात."

सिग्नल पडला होता. माझी गाडी येत होती. मी सामान उचलले आणि जाता जाता विचारले, "आणि आता गाड्या कशा जातात गावातून?"

त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

"जोरात जाते सायेब. मी बी जातो. आता तिथी कोणीच बसत नाई."