कडेवरून परतणारा प्रकाश

काचेच्या तंतूतून प्रकाश कसा जातो, याचं गणित मी प्रबंधासाठी संगणकावर मांडत होते. तंतूबाहेर निसटलेला प्रकाश परत आत येताना दिसला आणि माझ्या मार्गदर्शक बाईसाहेब नवा शोध लागला म्हणून यवतमाळभर मिरवल्या! प्रत्यक्षात तो मी गणितासाठी आखलेल्या चौकटीच्या कडांवर आपटून परतत होता. प्रबंध बुडायची वेळ आली.

त्या वर्षी भाव नाही म्हणून माझ्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला. चहासाठी हाका मारून थकले, शेवटी उठून स्वयंपाकघरात गेले.

"हाक? मले नाही आयकू आली," सासूबाई म्हणाल्या. "कापूस सारा आवाज गिळते. अन् चहा त्या कम्प्युटरच्या डब्ब्यालेच माग!"

मी तशीच परत फिरले. चौकटीच्या कडांना प्रकाश गिळणारा थर गणितात घातला. प्रकाश तरी परतला; एकदम गिळू पाहणाऱ्या थराच्या तोंडावरूनच तो उलटत होता. थर जाड केला, मग आत जाईल तसा हळूहळू जास्त गिळणारा केला. संध्याकाळी निसटलेला प्रकाश गेला तो गेलाच.