मोडलेल्या माळ्याची साक्ष

नाचणीच्या भाकरी थापून झाल्या होत्या, दोन हंडे पाणी भरून झालं होतं, आणि मी शेतावर जाऊन राखणीचा जुना माळा मोडायला घेतला होता. आमच्या वनहक्काच्या दाव्याची त्या दिवशी पाहणी होती. साहेब लोक येणार तर जागा नीटनेटकी दिसावी, म्हणून आमच्याकडे कुणीही करील तेच मी केलं. कुजलेले खांब उपटले, बांधाचे शेवाळलेले दगड काढून नवे लावले, खोपटाची जागा सारवली. साहेबांच्या आधी सुमनताई आल्या, जीपमधून उतरून चढ चालत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे हात शेणाने भरलेले होते.

दाव्यात लिहिलेला माळा कुठे, असं त्यांनी विचारलं. मोडला, असं मी हौसेने सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तो माळा तुमचा साक्षीदार होता."

सुमनताई जव्हारला वकिली करीत आणि महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या साखरशेतच्या समाजमंदिरात कायद्याचा वर्ग घेत. माझे मालक एकही वर्ग चुकवीत नसत. घरी येऊन जेवता जेवता मला सांगत, कायदा करणारे कोण, तो राबवणारे कोण, न्याय देणारे कोण, आणि ही तिन्ही कामं एकाच हातात का नसावीत. मी चौथी शिकलेली. मी म्हणायची, हे ऐकून भात पिकतो का? ते हसायचे. आज कुणी तेच पुन्हा सांगत बसलं तर मी भाकरी निवू देईन.

दावा त्यांनीच भरला होता. पाहणीच्या आधीच्या उन्हाळ्यात ते गेले. मग त्यांचे थोरले भाऊ म्हणू लागले की नांगर माझा चालतो, तेव्हा शेत माझ्या नावावर हवं. भावजींचं आणि माझं बोलणं बंद झालं. त्यात पाहणीच्या कागदावर लिहिलं गेलं की जुन्या वहिवाटीच्या खुणा दिसत नाहीत. त्या खुणा मीच पुसल्या होत्या. दावा गेला असता तर मी ठाण्याकडे वीटभट्टीवर गेले असते, आणि मालकांनी दगड दगड वेचून केलेलं शेत परकं झालं असतं.

सुमनताईंनी मला कायद्याची पुस्तिका दिली. वाचून दाखवली नाही. तुम्हीच वाचा, अडलं तर विचारा, म्हणाल्या. ओळीखाली बोट धरून मी पंधरा दिवस वाचत होते. मला वाचायची सवय लागली ती तिथून. त्यात सापडलं की गावातल्या जाणत्या माणसाचा जबाबही पुरावा असतो. आमचं शेत पहिल्यापासून पाहिलेलं एकच जाणतं माणूस उरलं होतं, भावजी. मी म्हटलं, त्यांच्या दारात मी जाणार नाही.

तेव्हा सुमनताई जे बोलल्या ते मला पाठ आहे. "कायदा त्यांना खरं काय ते विचारू शकतो, पण त्यांना बोलावून आणायचं काम तुमचं आहे. आणि निकाल कसाही लागला तरी तुम्हाला एकाच पाड्यावर राहायचंय. माणसांना भांडणानंतरही शेजारी राहता यावं, म्हणून तर कायदा लागतो." त्या माझ्याबरोबर भावजींच्या अंगणापर्यंत आल्या आणि बाहेर थांबल्या. बोलले मी.

भावजी तिथे खाली बसून दोर वळत राहिले. ग्रामसभेत मात्र उठले. "माळा मी नि माझ्या भावानं बांधला, माझ्या लग्नाच्या साली," म्हणाले. "धाकटीनं तो मोडला. सायबाला का पाव्हणा समजली, कोण जाणे." सगळे हसले, मीही पदराआड हसले. मग ते खाली बघून म्हणाले, "शेत त्याचं. तो नाही, तर हिचं."

सुमनताईंच्या मोठ्या खटल्यांबद्दल त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मला त्यांच्या लहान गोष्टी आठवतात. अर्ज दिला की पोच मागायची, पोच मागणं म्हणजे भांडण नव्हे, हे त्यांनी आम्हा बायांना शिकवलं. कचेरीत हात जोडून उभं राहिलेलं त्यांना चालत नसे. बाकावर बसा, ते तुमच्यासाठीच आहे, असं म्हणून त्या आधी स्वतः बसत.

आता गुडघ्यांमुळे त्या नाशिकला लेकीकडे असतात. वर्ग बंद झाला. तरी महिन्याच्या त्या शनिवारी जीपचा आवाज आला की मी हातातलं काम ठेवून उभी राहते. उतरणाऱ्या बायांत त्या नसतात. आणि वर्ग सुटल्यावर घाईने घरी येणारे तेही नसतात.

सुमनताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांचे गुडघे बरे होवोत, डोळे शाबूत राहोत, आणि एखाद्या शनिवारी हा चढ त्यांना पुन्हा चढता येवो. त्यांना पुष्कळ वर्षं मिळावीत. आमच्या वाट्याची काही वर्षं उणी राहिली, तीही त्यांना लाभावीत.

शेताच्या हक्काचा पट्टा हातात आला तेव्हा पाऊस सुरू होता. कागदावर माझ्या नावापुढे मालकांचं नाव होतं. आमच्यात ते नाव बायको घेत नाही. मी ते मनातल्या मनात वाचलं आणि कागद पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी मी भावजींच्या शेतात भाताच्या आवणीला, रोपं लावायला गेले.