आबांची गाडी ट्रकमधून जाते

माझ्या बापाकडे अख्ख्या पनवेलात उठून दिसेल अशी पळणारी गाडी आहे आणि ती तो सायकलवाल्याच्या मागून चालवतो. हे मी कौतुकाने सांगतेय. कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे वाव मिळणार नाही.

मी मनिषा. एसटी स्टँडच्या मागे माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. समोरचा घाबरून भलतंच दाबायला लागला की मी माझा दाबते. त्या ब्रेकची इतकी सवय झालीय की रिक्षात बसले तरी माझा पाय खाली रुततो. नवरा म्हणतो, सोफ्यावरसुद्धा रुततो. म्हणेना का, माझ्या हाताखालून गेलेल्या एकानेही आजवर कुणाला उडवलेलं नाही.

आबांना गाडी मीच शिकवली, तीही साठी उलटल्यावर. आबा म्हणजे माझा बाप काळूराम, गावकीत काळूरामशेठ. उलव्याकडे आमची भातशेती होती, मिठागर होतं. ते सगळं विमानतळाच्या कामात गेलं. बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली आणि घरबसल्या भाडी यायला लागली. भावकीतल्यांनी बंगले बांधले, गेटवर सिंह बसवले. आबांनी सिंह नाही घेतले. त्यांनी निळी जर्मन स्पोर्ट्स कार घेतली, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. पूजेच्या दिवशी पोरांनी ट्रॅक्टरला ठेवतात तसा चाकापुढे नारळ ठेवला. मी ओरडेपर्यंत गाडी पुढे सरकली आणि समोरच्या बंपरची पट्टी कडकन फुटली. आई, म्हणजे भामाबाई, म्हणाली अपशकुन झाला. आबा म्हणाले, नारळ आपलं काम करून गेला, आणि नवीन पट्टी मागवली.

आता आबा असे का, ते सांगते. जन्मभर त्यांनी शर्यतीचे बैल पाळले. शर्यतीच्या बैलाला आमच्यात नांगराला जुंपत नाहीत आणि रस्त्यावर पळवत तर मुळीच नाहीत. मैदान कितीही जवळ असो, बैल टेम्पोत चढवायचा, मैदानात उतरवायचा, तिथे काय तो पळेल. रस्त्यावर त्याने नवरदेवासारखं सावकाश चालायचं. गाडी आल्यावर आबांनी हाच कायदा तिला लावला. वर्षातून दोनदा ती बंद ट्रकमध्ये चढते, कोइमतूरजवळच्या रेस ट्रॅकवर जाते, आबा मागून विमानाने जातात. गावातल्या कुणी तिला तिथे पळताना पाहिलं नव्हतं. मीही नाही. आई तर म्हणायची, हा माणूस तिकडं इडली खायला जातो.

इथे मात्र गाडी आठवड्याचा बाजार करते. तिचं इंजिन मागे आणि डिकी पुढे, त्यामुळे आबा पुढच्या डिकीत बर्फाची पेटी ठेवून करंज्याच्या बंदरावर मासळी आणायला जातात. एवढ्या महागड्या गाडीला बोंबलाचा वास येतो. मला लाज वाटत नाही. गाडी घरची आहे, तिला घरासारखाच वास येणार.

गेल्या हिवाळ्यात करंज्याहून येताना विनायकने त्यांना गाठलं. हा विनायक उलव्याला खडी-रेतीचा धंदा करतो. त्याचीही तसलीच गाडी आहे, पिवळी, आणि रविवारी सकाळी नव्या रुंद रस्त्यांवर ती उडवायची त्याला भारी हौस. त्याने गाडी शेजारी घेतली, इंजिन गुरगुरवलं, काच खाली करून म्हणाला, होऊन जाऊ दे शेठ. आबांनी डावा इंडिकेटर दिला, बाजू घेतली आणि त्याला पुढे जायची खूण केली. विनायकच्या सोबत्याने हे सगळं मोबाईलवर टिपलं. दुपारी आमच्या पोटात पापलेट जाईपर्यंत गावच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला होता. खाली लिहिलं होतं, शेठ घाबरले.

तेवढ्यावर भागलं असतं तर मीही सोडून दिलं असतं. पण आमच्या बैलगाडा शर्यतीत झेंडा आबांच्या हातात असतो. झेंडा पडला की गाड्या सुटतात. कोण आधी सुटला, कोणी बैलाला टोचलं, कोण बाद, यात झेंडेवाल्याचा शब्द शेवटचा. मधली काही वर्षं शर्यती बंद होत्या तेव्हाही आबांनी तो झेंडा धुऊन, घडी करून कपाटात जपला होता. त्यांच्या लेखी झेंडा म्हणजे त्यांचं नाव. आणि शर्यत समितीच्या बैठकीत पोरं बोलायला लागली, वेगाला भिणाऱ्याच्या हातात झेंडा कशाला? यंदा विनायकला द्या. समितीचे म्होरके दाजी, आबांचे जुने दोस्त, तेही खाली बघत बसले. मला असा संताप आला की विचारू नका. आबा त्या रात्री जेवले नाहीत. मी त्यांना उपाशी झोपलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी त्यांनी दाजींना फोन लावला. विनायकने ट्रॅकवर यावं, एक फेरा त्याचा, एक माझा, कमी वेळ ज्याचा लागेल झेंडा त्याचा, आणि निवाड्याला तुम्ही चला. विनायक लगेच कबूल झाला. यावेळी मीही निघाले. बाप माझा, शिष्यही माझाच.

आबांची गाडी ट्रकमधून गेली. विनायक म्हणाला, गाडी काय बैल आहे का, आणि पनवेलहून थेट स्वतः हाणत आला, वाटेत व्हिडिओ टाकत. ट्रॅकवर आत सोडण्याआधी प्रत्येक गाडी तपासतात. तपासणाऱ्याने विनायकच्या पुढच्या टायरवर हात फिरवला आणि मान हलवली. कुठल्याशा खड्ड्यात आदळून टायरला बाजूने टेंगूळ आलं होतं. जोरात पळवली तर फुटेल, गाडी आत जाणार नाही, म्हणाला. विनायकने खूप हुज्जत घातली. तसला टायर तिथे कुणाकडेही नव्हता.

दाजी उठून म्हणाले, संपला विषय, झेंडा काळूरामचा. मी टाळीसाठी हात उचललासुद्धा. आणि आमच्या आबांनी काय करावं? खिशातून किल्ली काढून विनायकपुढे धरली.

"पैरा कर," म्हणाले. "माझ्या गाडीत बस."

शर्यतीत एकाचा बैल अडला की दुसऱ्याचा मागून जोडी लावतात, त्याला आमच्यात पैरा म्हणतात. पण ज्याच्याशी शर्यत त्यालाच कोणी बैल देतं का? मी आबांना बाजूला ओढून खडसावलं. त्यांच्याच गाडीने तो जिंकला तर तोंड कुठे लपवणार होते? आबा म्हणाले, बसून मिळालेला झेंडा मना धरवायचा नाय.

विनायकचा हात चांगला आहे, हे मान्य करायला हवं. सरळ पट्ट्यावर त्याने गाडी अशी सोडली की मी उठून उभी राहिले. पण पनवेल-उलव्याच्या सरळ रस्त्यावर सरावलेला माणूस तो, वळण आलं तरी त्याला ते सरळच वाटलं. गाडी ट्रॅक सोडून खडीत घुसली, धुरळा उडाला. ती खडी त्यासाठीच पसरलेली असते. तिथे ना झाड, ना खांब, ना शाळेची पोरं. गाडी थांबली, ती झाडून पुन्हा तपासली आणि त्याला दुसरी संधी दिली. यावेळी त्याने नीट फेरा मारला. वेळ चांगला आला. दाजी चुळबुळायला लागले.

आबांनी हेल्मेट घातलं आणि मला म्हणाले, चल. मी म्हटलं, माझं वजन कशाला वाढवता? ते म्हणाले, तू शिकवलंस, तूच बघ.

मी बसले. पट्टे आवळले. गाडी सुटली आणि करंज्याहून बोंबील आणणारा माझा बाप कुठल्या कुठे गेला. पाठ सीटला चिकटली, आवाज थेट पोटात शिरला. वळण अंगावर यायला लागलं तसा माझा पाय सवयीने खाली रुतला. तिथे ब्रेक नव्हता. नुसती चटई होती. मी घाबरून आबांकडे पाहिलं. त्यांचे हात सैल होते, नजर वळणाच्या पार पुढे लागलेली. त्यांनी वेळेवर ब्रेक दाबला, गाडी वळली, बाहेर पडताना पुन्हा गुरगुरली. पुढच्या वळणाला मी पाय खाली ठेवलाच नाही. दोन्ही पाय पोटाशी घेऊन लहान पोरीसारखी हसत बसले. खरं सांगते, इतकी वर्षं लोकांना गाड्या शिकवतेय, पण शेजारी निर्धास्त बसणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

वेळ आबांचा कमी लागला. फार नाही, पण दाजींना पुरेल इतका.

विनायक बराच वेळ त्या निळ्या गाडीभोवती फिरत राहिला, खडीने पडलेल्या ओरखड्यावरून बोट फिरवत. मला वाटलं, आता भरपाईचं काहीतरी बोलेल. तो आबांसमोर आला, आणि करंज्याच्या रस्त्यावर ज्याने शेठ म्हणून खिजवलं होतं तो खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, तुमच्या ट्रकमंदी माझ्या गाडीला जागा हाय कं?"

आबा म्हणाले, "हाय. दोन गाड्यांचाच ट्रक सांगितलाय मी."