आईला दिसलं कसं नाही?

मठातल्या खुनाचा तो सिनेमा कसा आहे म्हणून विचारत होतात ना, आज दुपारी आईला सोबत घेऊन बीदरला पाहिला.

काळ निजामाचा. मठाच्या विहिरीत स्वामींचं प्रेत सापडतं आणि काठावर कुणाचं तरी इष्टलिंग. आम्हा बसवण्णांना मानणाऱ्या लिंगायतांच्या गळ्यात ते मरेपर्यंत असतं, म्हणजे ज्याचा गळा रिकामा तो खुनी. सिनेमात शांतता अशी वापरलीय की नुसता रहाट कुरकुरला तरी अंगावर काटा येतो. शेवटी मात्र फौजदाराचं भाषण फार लांबलंय.

सगळ्यात मोठी चूक मला वेगळीच वाटली. परत येताना बसमध्ये अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, तावातावानं सांगत होतो, "त्यो खुनी रोज आईम्होरं बसून जेवायलाय, अंघोळ करायलाय, अन् तिला रिकामा गळा दिसंना? कुणाला पटंल हे?"

अव्वा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिला दिसलंय की. बोलंना गेलीय ती."

"कामून?"

"तुझ्या गळ्यात उन्हाळ्यापासून न्हाई. मी बोलले का?"

मी शर्टाचं वरचं बटण लावलं. इष्टलिंग माझ्या हैदराबादच्या खोलीत खिळ्याला अडकवलंय. घामानं दोरा काचत होता म्हणून काढलं, एवढंच कारण. तेही तिला सांगता आलं नाही.

सिनेमा चांगला आहे, बघा. त्यातल्या आईच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा, मी ठेवलं नव्हतं.

तुमच्या घरी कोण काय बघून गप्प आहे?