सात वाट्यांचा डबा

माझ्या अंगात माझ्या थोरल्या बहिणीची किडनी आहे आणि ती अजून तिचंच ऐकते.

मी मूळचा सांगोल्याकडचा, सातवीत शाळा सोडलेली. कोलशेतला पॅकिंगच्या कामाला लागलो, कल्याणजवळ मोहन्याला अक्काच्या घरी उतरलो, तो उतरलोच. गोळ्यांची इंग्रजी नावं मला वाचता येत नाहीत. म्हणून अक्कानं मिसळणाचा डबा रिकामा केला. वाट्या सात, वार सात! सोमवार मोहरीच्या वाटीत, मंगळवार जिऱ्याच्या (रविवार मधोमध, हळदीत). गोळ्या पट्टीसकट कापून ती आठवड्याचा डबा भरते. कितीही घासा, शुक्रवारच्या गोळीला हिंगाचा वास येतोच.

एकदा गावच्या जत्रेत माझे दोन डोस चुकले. रिपोर्ट बिघडला, आठ दिवस ॲडमिट. अक्का कॉटशेजारी बसून एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून सकाळी नऊ, रात्री नऊ ती समोर उभी. गोळी गिळल्यावर जीभ वर करून दाखवायची. वय माझं त्रेचाळीस!

गेल्या महिन्यात रक्ततपासणी आली. त्या तपासणीचा नियम असा की रक्त आधी, गोळी नंतर. गोळी आधी गेली तर रक्तात औषध जास्त दिसतं, डॉक्टर डोस कमी करतात आणि किडनी धोक्यात येते. दरवेळी भाऊजी मला न्यायचे, त्या दिवशीची गोळीही तेच द्यायचे. अक्काला या नियमाचा पत्ताच नव्हता. या वेळी भाऊजी गावी. अक्का दमून झोपलेली. म्हटलं, झोपू दे बिचारीला, तेवढीच उपकाराची फेड. शेजारच्या कदम काकूंना नौपाड्याला लॅबमध्ये जातो म्हणून सांगितलं आणि निघालो. फेड इतकी घाईत केली की गोळी बरोबर घ्यायचीच राहिली.

लॅबमध्ये फोन बंद ठेवा अशी पाटी होती. मी आज्ञाधारक, ठेवला बंद. इकडे अक्का उठली. गुरुवारची वाटी भरलेली, भाऊ गायब, फोन बंद!

नऊच्या सुमाराला लॅबचं दार उघडलं. अक्का. केस विस्कटलेले, पायात भाऊजींच्या चपला, काखेत आख्खा डबा. सगळी रांग बघायला लागली.

"अक्का, ऐक जरा..."

"आ कर."

सांगायला तोंड उघडावं तर गोळी आत जाणार, मिटून धरावं तर तिच्या डोळ्यांत पाणी. जिनं पोटातली किडनी काढून दिली, तिला नाही कसं म्हणायचं? मी आ केला. सवयीनं जीभही वर करून दाखवली!

तेवढ्यात माझा नंबर आला. रक्त घेणाऱ्या मॅडमनी सुई काढत विचारलं, "सकाळची गोळी घेतली नाही ना?"

मी बाही वर सारली. उद्या परत यायचं म्हणजे अजून एक खाडा. पण अक्काचा ऊर भरून आलेला.

"घेतली की! माझ्या हातानं दिली आत्ताच."

मॅडमनी सुई परत ठेवली, नियम समजावला आणि उद्या यायला सांगितलं. परतताना लोकलमध्ये अक्का डबा मांडीवर घेऊन बसलेली. कल्याण आल्यावर म्हणाली, "दत्ता, मला उठवायचं ना रे." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी तयार. रक्त दिलं, मग गोळी. रिपोर्ट चांगला आला.

डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय की माझ्या अंगात बहिणीचा एक अवयव बसवलाय. तोंडही तिचंच, ही नोंद करायची राहिलीये त्यांच्याकडून.